गाव बसवायचं राहिलं

गहिनीनाथ रजेवर आला त्याच दिवशी लंकाबाईचं माहेर पाण्यातून वर आलं.

दोन्ही बातम्या एकाच एसटीनं आल्या. तिसगावच्या स्टँडवर आधी हिरवी ट्रंक घेऊन पलटणीतला नाईक, म्हणजे लंकाबाईचा नवरा उतरला. त्याच्या पाठोपाठ धरणाकडून आलेली एक भाजीवाली पाटी सावरत उतरली, आणि उतरता उतरताच ओरडली, "लंके, अगं तुझं माह्यार वर आलं! देऊळ, वेस, समदं उघडं पडलंय!"

लंकाबाईला कळेना, आधी कुणाकडे बघावं. लढाईनंतरची नवऱ्याची ही पहिली रजा. त्याची वाट बघून डोळे शिणले होते. आणि माहेर तर धरणाच्या पोटात गेलं तेव्हाच तिनं मनातून पुसून टाकलं होतं. ती नवऱ्याकडे बघून हसली, भाजीवालीकडे बघून रडली, आणि हलगीवाल्यानं एवढा दणका धरला की दोन्हींतलं काहीच कुणाच्या लक्षात आलं नाही.

हलगी, गुलाल, हार, सगळं तयार होतं. तिसगावानं ठरवूनच टाकलं होतं की ढाका गहिनीनाथानं घेतलं. तो पूर्वेकडे आहे एवढं गावाला माहीत होतं. ढाकाही पूर्वेकडेच होतं. आणखी काय हवं? वास्तविक गहिनीनाथाची पलटण कितीतरी वर्षं मिझोंच्या डोंगरात होती, तिथल्या बंडखोरांच्या मागे. पारावर हार घालून घेताना तो हे सांगायला बघत होता, पण ऐकतो कोण! शेवटी शाळेतले विष्णुपंत गुरुजीच मदतीला आले.

"असं होय, डोंगरात होता तुम्ही? मग एक सांगा नाईक, पंधरवड्यात ज्यांनी एवढं सैन्य लोळवलं, त्यांना ती मूठभर डोंगरातली पोरं इतकी वर्षं का आटोपत नाहीत?"

गहिनीनाथानं गुलाल पुसला.

"गुरुजी, ढाक्याला समोर पलटण हुती. तिनं हात वर केले, लढाई सरली. आमच्या म्होरं गाव हुतं. गावानं हात कुठले वर करायचे?"

"म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही?" कुणीतरी मागून टोमणा मारला.

"केलं की. आमी गावं उठवली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या लंकाबाईच्या मात्र कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. गावं उठवली! हा शब्द तिच्या माहेरचा होता. धरणाचे साहेब आले होते तेव्हा तेही हाच शब्द बोलले होते. ती पहिल्या बाळंतपणाला गेली होती, ओली बाळंतीण, आणि दारात ट्रक लागले होते. जातं चढवलं, कणगी चढवली, दाराच्या चौकटी काढून चढवल्या. तिची आई कारकुनाला विचारत राहिली, "बाबा, चूल कशी उचलू? मातीची हाय, फुटंल." कारकून म्हणाला, "नवी घाल." आई नव्या जागी गेली, चूल घातली, पण ती कधी धड पेटली नाही असं मरेपर्यंत म्हणत राहिली.

घरी आल्या आल्या लंकाबाईनं तवा टाकला. गहिनीनाथ हातपाय धुऊन चुलीपाशी टेकला, तोच ती म्हणाली, "अवो, उठवली म्हंजे कशी उठवली?"

"आल्या आल्या झाली का उलटतपासनी?"

"सांगा की."

"बंडखोर गावात येऊन जेवायचे. म्हनून साहेब लोकांनी ठरवलं, जेवनच तोडायचं. डोंगरावरची लहान गावं खाली सडकंला आणायची, एका ठिकाणी कोंडायची, भोवती कुंपन. शेतात जायचं तर पास घेऊन."

"आन् जुनी घरं?"

गहिनीनाथानं काटवटीकडे बघितलं. "जाळली. हुकूमच हुता तसा."

लंकाबाईच्या हातातली भाकरी थापायची थांबली. "मग सापडली का पोरं?"

"सापडली काई. आन् ज्याचं घर जाळलं, त्याचं पोरगं दुसऱ्या दिसाला डोंगरात." तो हसला नाही. "भाकर करपाय लागली बघ."

"करपू द्या!" लंकाबाई म्हणाली. पण उलथली.

दुसऱ्या दिवशी दारात जीप लागली. गल्लीतली सगळी कामं थांबली. जीपमधून फौजदार उतरले; तरुण, कडक इस्त्रीचे, बोलायला गोड.

"नाईक, तुमच्या सासुरवाडीच्या लोकांनी आम्हाला जागं केलंय. पाणी आटलं, जुनं गाव उघडं पडलं, तर सगळे परत जाऊन बसलेत. घरांवर छपरं टाकली, गाळात पेरलं. धरणाची माणसं सांगायला गेली तर दगडफेक. एका कारकुनाचं डोकं फुटलं. कुणी मारलं, एक माणूस तोंड उघडत नाही. तुम्ही जावई. वर्दीतले. तुम्ही सोबत आलात तर काठ्या चालवायची वेळही येणार नाही कदाचित. त्यांना उठवायचं आणि तो दगड मारणारा घेऊन यायचा."

लंकाबाईनं चहाची कपबशी फौजदारांपुढे ठेवली. दगड कुणी मारला ते तिला कुणी न सांगताही माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ बन्सी. नव्या गावठाणात रोज एकच बोलायचा: विहिरीचं काय झालं? विहीर खोदून देऊ म्हणून साहेबांनी सांगितलं होतं. त्यालाही वर्षं झाली. बायका अजून दुसऱ्या गावच्या पाणवठ्यावर शिव्या खात पाणी भरत होत्या.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणा, ती डोळ्यांनी म्हणत होती. गहिनीनाथ उठला, टोपी घातली. "चला साहेब."

लंकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं ह्या माणसाच्या नावानं कुंकू लावलं, एकटीनं शेत राखलं, पोर वाढवलं, सासूची आजारपणं काढली, आणि हा माझ्याच भावाला धरून द्यायला निघाला! तिनं हातातलं पोतेरं टाकलं, पदर खोचला आणि जीपच्या मागच्या बाजूनं चढून दोन-चार पोलिसांत हवालदाराशेजारी जाऊन बसली.

"अहो बाई, तुम्ही कुठे?" फौजदार चमकले.

"माह्याराला," लंकाबाई म्हणाली. "वर आलंय ते. बघाया."

गल्ली खदखदून हसली. फौजदारांनी गहिनीनाथाकडे बघितलं. तो म्हणाला, "साहेब, ती उतरायची न्हाई. मी लगीन केलंय तिच्याशी."

आणि मग माहेर दिसलं.

गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. त्यातून वेस निघाली होती, कमरेएवढ्या भिंती निघाल्या होत्या, मारुती नसलेलं देऊळ उभं होतं. लंकाबाईला गल्ली ओळखू आली, वळण ओळखू आलं, त्या वळणावरचा दगडही ओळखू आला. चालत्या जीपमध्ये ती उभी राहिली. "ते! ते आमचं घर! उंबरा हाय बघा अजून!" हवालदारानं तिचा दंड धरला नसता तर खालीच पडली असती. गाळाच्या पट्ट्यात काकडी-कलिंगडाचे वेल हिरवेगार पसरले होते. आणि आडावर बाया! आडाचं तोंड मोकळं केलेलं, त्यावर रहाट बसवलेला, आणि पोहरा वर येतो आहे पाण्यानं भरून. त्या दुष्काळात भरलेला पोहरा बघून हवालदारसुद्धा मान वळवून बघत राहिला.

जीप थांबली, तशी माणसं गोळा झाली. बन्सी त्यात नव्हता.

"दगड कुणी मारला?" फौजदारांनी विचारलं.

मग घोळक्यातून झुंबरबाई पुढे आली. ही गावातली सगळ्यात म्हातारी; काठीशिवाय उभं राहता येत नाही, डाव्या डोळ्यानं दिसत नाही.

"म्या मारला."

"आजी, चेष्टा नको."

"चेष्टा कशापायी? नेम धरून मारला. ह्या डोळ्यानं," तिनं डावा डोळा दाखवला.

"न्हाई, म्या मारला," मागून एक बाई म्हणाली. "ती कशी मारंल? म्या," तिसरी म्हणाली. मग सगळ्याच बोलायला लागल्या. ज्यांच्या कडेवर पोर होतं त्याही. हसणं आवरेना. लंकाबाईच्याही तोंडून निघून गेलं, "म्या मारला!"

"तुम्ही तर आत्ता माझ्याच जीपमधून उतरलात!" फौजदार ओरडले. त्यांचे कान लाल झाले. हसणाऱ्या गावापुढे वर्दी घालून उभं राहणं सोपं नसतं. "पुरे झालं. काठ्या काढा. उठवा सगळ्यांना."

हसणं जागच्या जागी थांबलं. पोलिसांनी काठ्या घेतल्या. लंकाबाईला आडाच्या आत पडल्यासारखं वाटलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

"साहेब, एक अर्ज हाय," गहिनीनाथ म्हणाला.

"बोला."

"ह्यांना उठवायला एक सकाळ पुरंल. मला विचारा, मी लई गावं उठवली. पन आमी डोंगरातबी असंच विचारायचो, रातच्याला कोन आलं हुतं, कोनी जेवू घातलं. उन्हात बसवलं, धाक दावला. जबाब असाच, कोनी न्हाई, नायतर समदीच. एक नाव मिळालं न्हाई."

"मग? बंदुका टाकून दिल्या?"

"न्हाई साहेब. टाकल्या असत्या तर मी आज हितं नसतो. त्यांनी आमची मानसं मारली. माझ्या शेजारी झोपनारा गेला. बंदुकीनं सडक मोकळी झाली, हे खरंच. पन मोकळ्या सडकंवरनं गावाला काय आलं, त्याच्यावर पुढचं समदं. एका ठिकाणी आमचा सुबेदार शहाना निघाला. गावाला मीठ मिळत नव्हतं, त्यानं मीठ आनलं. पेरनीच्या दिसांत पासची अट काढली, म्हनाला, जा, राबा आपल्या शेतात. साहेब लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्यानं. काई दिसांनी गावचा म्हातारा स्वतःहून आला. म्हनाला, माझा नातू खाली यायचं म्हनतोय, मारनार न्हाई ना?"

त्यानं पोलिसांच्या काठ्यांकडे बघितलं.

"आमी उठवायचं काम बेस केलं, साहेब," गहिनीनाथ म्हणाला. "बसवायचं राहिलं. हितंबी तेच झालंय. ह्यांना नव्या जागी नेऊन टाकलं, पन विहीर न्हाई दिली. गाव काय, टाकल्यानं बसतं व्हय? आज हाकला, उद्या तान लागली की हितंच येनार. मग तुमाला रोज जीप काढावी लागंल."

"आणि डोकं फुटलं त्याचं काय? तो कारकूनही कुणाचा तरी मुलगा आहे."

"त्याचं खरं हाय," गहिनीनाथ म्हणाला, आणि देवळाकडे तोंड करून मोठ्यानं बोलला, "ज्यानं मारला त्यानं सांगावं. जीव न्हाई जायचा. मी संगं येतो चौकीला."

देवळाच्या मोकळ्या गाभाऱ्यातून बन्सी बाहेर आला. डोक्याला फडकं, अंगाला गाळ. लंकाबाईनं तोंडावर पदर दाबला.

"दाजी, दगड म्या मारला. तुमच्या शब्दावर आलोय."

"दीड शहाना!" झुंबरबाई कडाडली. "एवढ्या बाया खोट्या पाडल्या!"

फौजदारांच्या हातातली छडी वर झाली होती. ती तशीच राहिली. सगळं गाव त्या छडीकडे बघत होतं. लंकाबाई काय करत होती हे तिलाच कळलं नाही. ती आडापाशी गेली, नुकताच वर आलेला पोहरा उचलला, तांब्या भरला आणि फौजदारांपुढे धरला. ऊन एवढं होतं, की माणसाचा हात आपोआप तांब्याकडे गेला. त्यांनी छडी काखेत धरली, पाणी प्यायलं, आणि तांब्या परत पुढे केला.

"गोड आहे," ते म्हणाले. मग दुसरा तांब्या संपवून म्हणाले, "काठ्या गाडीत टाका."

म्हणून काही सगळं गोड झालं असं नाही. बन्सीला चौकीवर न्यायचं ते नेलंच. गहिनीनाथ बाहेर बसून होता, तरी आत बन्सीला दोन थोबाडीत बसल्या. पुढे तारखा लागल्या. पण त्या बोलण्याचा एक परिणाम झाला. फौजदार मामलेदारांकडे गेले, आणि दुष्काळी कामात नव्या गावठाणाची विहीर धरली गेली. जुन्या गावातून कुणाला हाकललं नाही. पाणी चढेल तेव्हा वेल काढून लोक आपणच येतील, असं ठरलं.

लंकाबाईनं तिसगावी गेल्या गेल्या फर्मान काढलं. "तिकडं गावं उठवलीत ना? मग ह्या रजेत एक बसवून जा."

"रजा आरामाला असते गं."

"आराम पलटणीत करा."

गहिनीनाथानं अख्खी रजा सासुरवाडीच्या विहिरीवर काढली. सुरुंग कसा ठासायचा ते त्याला येत होतं. बन्सी त्याच्या हाताखाली राबला. मुरूम लागला, मग खडक. "ठोऽऽ रे!" म्हणून आरोळी उठली की बाया पोरं घेऊन पळायच्या, बार उडाला की पहिल्या धावत परत यायच्या, आत डोकावायला. रोज कोरडंच. रजा संपत आली तरी कोरडंच.

जायच्या दिवशी तो वर्दी चढवून, ट्रंक घेऊन नव्या गावठाणाच्या सडकेवर उभा होता. लंकाबाई त्याच्याशी एसटी येईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवून उभी होती, कारण बोललं की रडू आलं असतं. इतक्यात विहिरीकडून आरडाओरडा झाला. बन्सी टोपलं घेऊन धावत येत होता, धोतराचा सोगा सुटलेला.

"दाजी! आक्का! ओल लागली!"

टोपल्यात काळसर, गार, ओला मुरूम होता. पाणी नव्हे, पण ओल. लंकाबाईनं त्यात बोटं रुतवली आणि सरळ नवऱ्याच्या इस्त्रीच्या खिशावर पुसली.

"अगं येडी का काय! वर्दी हाय ती! साहेब इचारंल हा डाग कसला."

"सांगा," लंकाबाई म्हणाली, "गाव बसवताना लागला."

एसटी आली. खिडकीतून तो काहीतरी ओरडत होता, पण तिला ऐकायला वेळ नव्हता. टोपलं डोक्यावर घेऊन ती विहिरीकडे धावत सुटली होती.