वाळू की तूस

पेणला आमच्या मागच्या घरात राहणारे गृहस्थ कारखान्यात गणपतींचे डोळे आखायचे. आखताना श्वास रोखायची सवय त्यांच्या बोलण्यातही उतरली होती. चार शब्द, मग थांबणं, मग सुस्कारा. समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे मात्र ते कधीच बघत नसत.

मी परसात कोंबड्यांसाठी जाळीचं आवार केलं, तेव्हा ते कुंपणापाशी आले.

"खाली काय टाकणार, मास्तर?"

"वाळू. चाळली की घाण निघते."

"वाळू नको. भाताचं तूस टाका. रोह्याच्या गिरणीत मिळतं." ते थांबले. "तुसावर काय उमटत नाय."

मुंगसाच्या पावलांबद्दल काहीतरी म्हणत असतील, असं समजून मी वाळूच टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूत माणसाची अनवाणी पावलं होती, दारापासून कोंबड्या बसतात त्या दांडीपर्यंत. दांडीसमोर कुणीतरी बराच वेळ मांडी घालून बसल्याचा खळगा होता. कोंबड्या, अंडी, सगळं जागच्या जागी. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

मी वर पाहिलं. ते कुंपणापाशी अनवाणी उभे होते. मी त्यांच्या पायांकडे बघतोय, हे त्यांना कळलं.

"दिवसभर मी डोळे उघडतो, मास्तर. उघडला की तो माझ्याकडंच बघतो." सुस्कारा. "हितं सगळ्यांचे मिटलेले असतात."

त्याच दुपारी मी वाळू उपसली आणि रोह्याहून तूस आणून जाड थर दिला. त्यावर खरंच काही उमटत नाही. पण सकाळी दांडीसमोर हात ठेवला, की कधीकधी कोमट लागतं.