निवळलं का?

तुलाराम ढिवर मुळातच मोजकं बोलायचा, पण करडीकडच्या त्या गावात त्याच्या एका शब्दाला मोठं वजन होतं. पावसाळ्यात तलाव गढूळला की जाळी काठावर पडून राहत. तुलारामने पाण्यात हात बुडवून "निवळलं" म्हटलं, की मगच ढिवरांनी मासे धरायला उतरायचं. आणि जो म्हणेल त्यानंच पहिलं पाऊल टाकायचं, हा रिवाज. सरकारी शिक्का एक वेळ चुकेल, तुलाराम चुकायचा नाही.

यंदा त्याच गढूळ पाण्यात, बापाच्या शब्दाआधीच उतरून, त्याचा थोरला मुलगा चंदन बुडाला. तेरवी झाली, पाहुणे पांगले. तुलाराम रडला नाही. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा. लोक म्हणाले, छातीचा दगड झाला. दगड कसला, आत काही उरलंच नव्हतं. दुःखसुद्धा नाही.

पाणी तर केव्हाच निवळलं होतं. पण तुलाराम शब्द काढेना आणि शब्दाविना कुणी जाळं उचलेना. शेवटी शेजारचा म्हातारा तेजराम दारात येऊन बसला.

"तुलाराम, घरोघरी चुली थंड पडून राहिल्या. बोल ना गा."

त्याची धाकटी लेक प्रेरणा मराठी घेऊन बी.ए. करत होती. बाप बोलता व्हावा म्हणून तिनं शब्दकोश उघडला.

"बाबा, निवळ हा शब्द निर्मळपासून आला म्हणते. निव्वळ त्याचाच भाऊ. अभंगात तर पाणी सोडा, मनच निवळते."

"मळ कुठं जाते मंग?"

"जात नाही, बाबा. खाली बसते."

तो उठला. जाळं खांद्यावर टाकून तलावावर गेला. मागोमाग त्याची बायको, मंदाबाई, आणि सगळा ढिवरपुरा. त्यानं हात बुडवला. बोटं, नखं, सगळं लख्ख दिसलं.

"निवळलं," तो म्हणाला.

आता पहिलं पाऊल त्याचं. ते काही उचलेना. लोक माना खाली घालून उभे राहिले. मंदाबाईनं त्याच्या खांद्यावरचं जाळं काढून घेतलं, लुगडं खोचलं आणि ती पाण्यात उतरली. घोटा, गुडघा, कंबर. पायांखालचा गाळ उठला आणि कंबरेखालची मंदाबाई दिसेनाशी झाली.

तुलारामच्या काळजात धस्स झालं. चंदन गेल्यापासून पहिल्यांदाच तिथं काही झालं.

"मंदे, पुढं नोको जाऊ," म्हणत तो ढसाढसा रडत पाण्यात शिरला.