प्रॉम्प्टर योगीराज मिस्त्री

गंगाखेडला परळी रस्त्यावर पत्र्याची एक शेड आहे. तिथं योगीराज मिस्त्री गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. त्याच्यासारखा कारागीर आसपास नाही, आणि त्याच्याइतकी चिडलेली गिऱ्हाइकंही दुसऱ्या कुणाकडे नाहीत. कारण योगीराज थांबतो. नवा कॉम्प्रेसर बसवला, नळ्या जोडल्या, पंपानं आतली हवा ओढून घेतली, की पंप बंद करून तो मीटरसमोर स्टूल टाकतो. सुई जागची हलली नाही तरच गॅस भरायचा. चढली, तर कुठंतरी गळतंय. बाकीचे मिस्त्री पाच मिनिटं बघतात. याचा अर्धा तास म्हणजे अर्धा तास.

ही सवय त्याला एका चुकीनं लावली होती. सदतीस वर्षांपूर्वी योगीराज गावच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होता. विंगेत वही आणि बॅटरी घेऊन उभं राहायचं, नटाचं वाक्य अडलं की हळूच पुढं करायचं. नायिकेच्या कामाला परभणीहून कमलबाई यायच्या. काय बाई होत्या! नुसत्या उभ्या राहिल्या तरी मागच्या रांगेतली पोरं रडायची थांबत. शेवटच्या अंकात बारा वर्षांनी नवरा दारात येतो, तेव्हा बाई त्याच्याकडे बघत दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायच्या आणि मग म्हणायच्या, "दार उघडंच हाय."

जत्रेतल्या प्रयोगाला बाई थांबल्या. मांडव चिडीचूप झाला. विंगेत योगीराजचा धीर सुटला आणि त्यानं वाक्य दिलं, तेही इतक्या मोठ्यानं की पुढच्या रांगा हसल्या. बाईंनी अंक निभावून नेला. त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्याच्या हातातली वही काढून घेतली, बाईंना दुसरा माणूस हवाय म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं योगीराजला पुढं कायम वाटत राहिलं. तो हैदराबादला मामाकडे फ्रिजचं काम शिकायला गेला. परत आला तोवर मंडळी मोडली होती.

यंदा मे महिन्यात, भर दुपारी, एक पांढरी गाडी जळक्या पट्ट्याचा वास घेऊन शेडसमोर उभी राहिली. कॉम्प्रेसर जाम झाला होता. गाडी चालवणारा चंद्रभान मावशीला लातूरहून पूर्णेला न्यायला निघाला होता; जुन्या नाटकवाल्यांनी संध्याकाळी सहाला तिचा सत्कार ठेवला होता. मागच्या सीटवरून मावशी उतरली. केस पांढरे, पाठीत बाक, पण जमिनीवर पाऊल टाकायची ती तऱ्हा. योगीराजच्या हातातला पाना हातातच राहिला. कमलबाई.

त्यांनी ओळखलं नाही. यानंही सांगितलं नाही. बाईंना कूलरसमोर खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि कामाला लागला. नवा कॉम्प्रेसर परभणीहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती आला. जुना काढला, नळ्या धुतल्या, नवा बसवला, पंप लावला. साडेतीनला पंप बंद करून योगीराज स्टुलावर बसला.

दहाव्या मिनिटाला सुई केसभर चढली.

चंद्रभाननं घड्याळ दाखवलं. पूर्णेपर्यंत गारवा मिळाला तरी पुरे, गॅस भरा आणि सोडा, असं त्याचं म्हणणं होतं. योगीराजलाही मोह झाला. बाईंना पुन्हा आपल्यापायी खाली बघायला लागू नये, एवढंच त्याला हवं होतं. पण वाटेत एसी बंद पडला तर या उन्हात बाई पूर्णेला पोचणार कशा? त्यानं एकेक जोड सोडून पाहिला. एका जोडात कापलेली रबरी रिंग निघाली. ती बदलली, पंप पुन्हा लावला, पुन्हा बंद केला, पुन्हा स्टुलावर बसला.

"मिस्त्री, सुई काय अंडं घालायलीय का?" चंद्रभान म्हणाला.

"चंद्रभान, गप बस," खुर्चीतून बाई म्हणाल्या. "थांबू दे त्यास्नी." मग विचारलं, "इतकं थांबायला कुणी शिकवलं?"

योगीराजनं सुईवरची नजर काढली नाही. "तुमीच, बाई. जत्रेतल्या प्रयोगाला मी वाक्य लवकर दिलं होतं."

बाई खुर्चीतून पुढं वाकून त्याच्याकडे निरखून बघायला लागल्या.

"योग्या का रं तू?" त्या म्हणाल्या. "लवकर न्हाई दिलंस. मी थांबलेच नव्हते. विसरले होते. दहा झाले, वीस झाले, डोकं कोरं. तू दिलंस म्हणून मी उभी राहिले. आन् सगळ्यांसमोर ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून तुला काढायला लावलं."

योगीराजच्या डोळ्यांसमोर मीटर धूसर झाला. सदतीस वर्षं! त्यानं बाहीनं डोळे पुसले, सुई पाहिली. जागच्या जागी होती.

"अजून सात मिनटं हायत, बाई," तो म्हणाला.

"बस की. मला कुठं घाई हाय?"

सात मिनिटं झाल्यावर गॅस भरला. कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून बसला, जाळीतून गार झोत आला. चंद्रभाननं लगबगीनं मागचं दार उघडलं, पण बाई आत बसेनात. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"आज भाषण करायचंय. पाठ होत न्हाई आता. पडद्यामागं कुणीतरी लागतंय."

योगीराजनं हात धुतले, शर्ट बदलला आणि भर दिवसा शटर ओढलं. वाटेतल्या पालमपर्यंत तो पुढच्या सीटवर, त्या गारव्यात, कागद वाचत होता. मग मागं वळून त्यानं कागद आणि पेन पुढं केलं. जिथं जिथं थांबायचं होतं, तिथं बाईंनी स्वतःच्या हातानं फुल्या मारून दिल्या.