लोचनतालचे साडू

अख्ख्या बहरीनमध्ये डोंगरावर पाय न ठेवता डोंगरात राहणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला होता. जिथे जमीन पोळपाटासारखी सपाट, जिथे गाडीला चढाचा गिअर कधी टाकावाच लागत नाही, तिथे सलमानिया भागातल्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर बसून हा गृहस्थ वर्षानुवर्षे स्वित्झर्लंडमधल्या एका दरीतल्या चढाईच्या वाटा आखत होता. दरीचं नाव लोएट्शेनटाल. ते आमच्या घरात कुणालाच जमेना, म्हणून माझ्या बायकोने त्याचं लोचनताल करून टाकलं आणि तेच रूढ झालं. साडूंनाही ते आवडलं. म्हणाले, "मूळ नावापेक्षा हेच बरं. ऐकल्यावर पाणी दिसतं."

मूळचे आमच्यासारखेच वसईचे. केळी, नारळ, विहीर आणि चर्चची घंटा, यांपलीकडे उंच असं लहानपणी काही पाहिलेलं नाही. सत्तरच्या दशकात बहरीनला आले आणि सित्र्यातल्या एका कंपनीत पाइपलाइनची ड्रॉइंग काढायला लागले. तिथला एक स्विस इंजिनियर नोकरी सोडून जाताना टेबलामागे नकाशांची एक गुंडाळी विसरला. हे इमानदारीने ती परत द्यायला निघाले, तोवर तो विमानात बसला होता. मग गुंडाळी उघडली गेली, आणि माझ्या मेव्हणीच्या संसारातून जेवणाचं टेबल कायमचं गेलं. नकाशा टेबलावर पसरलेला आणि कुटुंब खाली सतरंजीवर, अशी त्या घराची बैठक होती. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, शिवणाच्या मशीनजवळ दोरा शोधायची तेव्हा तो हमखास एखाद्या हिमनदीवर आडवा पडलेला असे. नकाशावरची वळणावळणाची वाट मोजायला साडूंना दुसरं काही चालत नसे.

घरी कुणीही आलं की पाणी देण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला. "तुमचे गुडघे कसे आहेत?" उत्तराप्रमाणे पाहुण्याला वाट दिली जाई. मला मधली वाट मिळाली होती, बायकोला माझ्यापेक्षा अवघड. आमच्या सासूबाई वसईहून मुलींकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी साडूंनी खास आखणी केली. तीन ठिकाणी विसावा, एका ठिकाणी देऊळ. म्हणजे तिथलं छोटं चॅपल. सासूबाईंनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारलं, "आणि चपला कुठे काढायच्या?" साडूंनी तीही जागा दाखवली.

ऑगस्टमध्ये समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेने आमचे शर्ट पाठीला चिकटायचे, एसी ठिबकत असायचा, आणि हे खिडकीकडे बघत म्हणायचे, "आज वर बर्फ मऊ झालं असणार. आज जाऊ नये." एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही सगळे जबल दुखानला सहलीला गेलो. बहरीनमध्ये उंचवटा म्हणावा असा तेवढाच. आम्ही वर गेलो, फोटो काढले. साडू गाडीतून उतरलेच नाहीत. "याला डोंगर म्हटलं तर आमच्या बिल्डिंगच्या जिन्याला काय म्हणायचं?" असं म्हणून त्यांनी सोबत आणलेली ऑम्लेट-पाव सँडविचं निम्मी संपवली.

खरं कारण वेगळं होतं. साडूंना उंचीची भीती वाटे. गच्चीवर कपडे वाळत घालताना कठड्याजवळची दोरी ताईची आणि मधली यांची. त्यात दमा. दोन जिने चढले की तिसऱ्याला कठडा धरून उभे राहायचे आणि भिंतीवरच्या रंगात काहीतरी रस असल्यासारखं दाखवायचे. पण नकाशावर बोट ठेवून बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस तिथून कालच उतरला आहे. मी तिथे जाऊन आलोय, असं ते कधीच म्हणाले नाहीत. कधी गेलो नाही, असंही म्हणाले नाहीत.

त्यांच्या कंपनीत पीटर नावाचा एक इंग्रज होता. वेल्डिंगची तपासणी करायचा. तिशी ओलांडलेला, उन्हाने लाल झालेला, हसरा माणूस. तो मात्र खरोखर डोंगर चढणारा. त्याला साडूंच्या नकाशांबद्दल कळलं आणि तो एका शुक्रवारी चर्च सुटल्यावर घरी आला. सतरंजीवर मांडी घालून ताईच्या हातचं बांगड्याचं कालवण खाल्लं, नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि मग दोघं टेबलाला लागले. त्यानंतर तो येतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा साडूंना गुडघे असलेला श्रोता भेटला होता.

त्या दोघांनी सगळा हिवाळा एकाच शिखरावर घालवला. बीचहॉर्न. नेहमीची वाट लांबून वळसा घालून धारेवर जाते. साडूंनी मधली एक घळ शोधून काढली. उंचीच्या रेषा बघून बघून त्यांना खात्री वाटली होती, की इथून सरळ वर गेलं तर वळसा वाचेल. पीटरने बराच वेळ नकाशा निरखला आणि म्हणाला, "ही कुणाला सुचलेली दिसत नाही." साडू त्या दिवशी इतके खूश होते, की त्यांनी आम्हाला जेवायला थांबवून स्वतः चहा केला. तो कुणालाच पिता आला नाही.

ऑगस्टमध्ये पीटर एका मित्राबरोबर रजेवर गेला. गावात पोहोचल्यावर त्याने बायकोला फोन केला, की हवा छान आहे. दुसऱ्या दिवशी त्या घळीत वरून दगड आले. मित्र मनगट मोडून वाचला. पीटर वाचला नाही.

ऑफिसात टेलेक्स आला तेव्हा साडू ड्रॉइंग काढत होते. कुणीतरी येऊन म्हणालं, "पीटर खलास." त्यांनी पेन्सिल ठेवली आणि शिफ्ट संपेपर्यंत तसेच बसून राहिले. नेहमीच्या कंपनीच्या बसने घरी आले, हातपाय धुतले, टेबलावरचे नकाशे गुंडाळले आणि कपाटावर टाकले. ताई सांगते, किती वर्षांनी त्या दिवशी तिला टेबलाचं लाकूड दिसलं, आणि तिला रडू आलं. त्या आठवड्यात त्यांनी चर्चमध्ये पीटरच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितली. ती संपायच्या आत त्यांना दम्याचा झटका आला आणि आम्ही त्यांना चर्चमधूनच इस्पितळात नेलं.

मी भेटायला गेलो तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रेषा फार जवळ जवळ होत्या, म्हणजे चढ अगदी उभा. मी नीट पाहिल्या होत्या त्या."

"भाऊ, दगड नकाशावर नसतात," मी म्हणालो. "तो मित्रही म्हणाला ना, नेहमीच्या वाटेवरही दगड पडतात म्हणून."

"पडत असतील. पण तो नेहमीच्या वाटेवर नव्हता."

मी त्यांची उशी सरळ करून दिली.

महिन्याभराने पीटरची बायको मार्गारेट बहरीनला आली. ती सुट्टीसाठी आधीच इंग्लंडला गेली होती. आता घर आवरून कायमचं जायचं होतं. जाण्याआधी ती साडूंकडे आली. आम्हाला ताईने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. एकटीला धीर होत नव्हता. मार्गारेट सडपातळ बाई, कोपर गुडघ्यावर टेकून बसली. ताईने दिलेला चहा प्यायली आणि म्हणाली, "मला तो नकाशा दाखवता का?"

साडूंनी कपाटावरून गुंडाळी काढली. घळीवर बोट ठेवलं, आणि मग ते जे बोलले त्यात नेहमीचा एकही शब्द नव्हता. हे गाव, ही चढणाऱ्यांच्या मुक्कामाची झोपडी, इथून वर. एवढंच. मार्गारेटने वाकून ती जागा पाहिली. मग तिने विचारलं, "ज्याला चढता येत नाही त्याला हे कुठून दिसेल?"

साडूंनी मान वर केली. "कशाला?"

"मला बघायचंय. पण मला पायऱ्यांवरही भीती वाटते."

साडूंनी दोरा मागितला नाही. नुसत्या बोटाने दाखवत तिला सांगितलं, की बस कुठपर्यंत जाते, तिथून गवताच्या उतारावरून सोपी पायवाट कशी आहे, आणि कुठे बसलं की समोर शिखर यायला हवं. बोलता बोलता थांबले आणि ताईकडे वळून मराठीत म्हणाले, "आपण हिच्याबरोबर जाऊ या का?" ताईने होकाराची मान हलवली. तिने आयुष्यात कधी वसई आणि बहरीन सोडून तिसरं गाव पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात, वसईची रजा रद्द करून, ती तिघं गेली. तिथे काय झालं ते मला ताईकडून कळलं, तेही पुष्कळ वर्षांनी, साडू वारल्यावर. बसमधून उतरून तिघं त्या पायवाटेने चालत गेली. साडू दर थोड्या अंतरावर थांबत, आणि मार्गारेटही त्यांच्याबरोबर थांबे. नेमलेल्या जागी पोहोचली तेव्हा समोर ढग होते. दुपारी ढग फाटले आणि एक नाही, चार शिखरं उघडी पडली.

"यातलं कुठलं?" मार्गारेटने विचारलं.

साडू बघत राहिले. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. शेवटी म्हणाले, "मला ओळखता येत नाही."

जवळच एक म्हातारी कापलेलं गवत गोळा करत होती. ताईनेच तिच्याकडे जाऊन हाताने खुणा करत बीचहॉर्न, बीचहॉर्न असं विचारलं. म्हातारीने दाताळ्याने एका काळ्या उभ्या कड्याकडे दाखवलं आणि पुन्हा कामाला लागली.

"मी हे कधी पाहिलेलं नव्हतं," साडू मार्गारेटला म्हणाले. "पीटरला मी सांगायला हवं होतं."

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी घरी येऊन मला सांगितलं होतं त्याने. म्हणून तर तो दर शुक्रवारी यायचा तुमच्याकडे."

ऊन उतरेपर्यंत तिघं गवतात बसून होती. मार्गारेटने दोन्ही हातांनी साडूंचा एक हात धरला होता. ताईला ते बघून काहीच वाटलं नाही, असं ती म्हणते.

परत आले त्या दिवशी मी त्यांना घ्यायला मुहर्रकच्या विमानतळावर गेलो होतो. बाहेर तीच ओली, जड हवा. गाडीत आता घर येईपर्यंत डोंगर ऐकावे लागणार, म्हणून मी मनाची तयारी केली होती. सलमानियाच्या वळणापर्यंत येईतो साडू खिडकीबाहेरच बघत होते. शेवटी मीच विचारलं, "कसं काय वाटलं, भाऊ?"

त्यांनी थोडा विचार केला. "तिथे कापलेल्या गवताला फार छान वास येतो रे," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.