सूर्यास्तानंतरचा रकाना

गेल्या शनिवारी मी नऊ वर्षांनी गाडीच्या स्टिअरिंगमागे बसले. तोक्योलगतच्या ग्योतोकुमधल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. वय वर्षं चव्वेचाळीस, शेजारी इन्स्ट्रक्टर मोरी-सान, मागच्या सीटवर माझा नवरा शिरीष.

माझ्याकडे जपानचं गोल्ड लायसन्स आहे. वर्षानुवर्षं एकही चूक न करणाऱ्याला इथे सोनेरी पट्टीचं लायसन्स देतात, आणि तोक्योत गाडीच नसेल तर माणूस चूक करणार कुठून. ते मिळालं तेव्हा मी याच वॉलवर फोटो टाकला होता, तुम्ही सगळ्यांनी कौतुकही केलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आता मुद्द्याचं सांगते, कारण बऱ्याच जणांना माहीत नाही. शिरीषला रेटिनाचा आजार आहे. अंधारात त्याला जवळजवळ दिसत नाही, आणि उजेडातही कडेकडेचं कमी होत चाललंय… नळीतून बघितल्यासारखं.

इथले डॉक्टर थेट काही बोलत नाहीत. जूनमध्ये ते बराच वेळ रिपोर्ट बघत बसले आणि मग म्हणाले, बघायचं राहिलेलं काही असेल तर लवकर बघून घ्या.

शिरीषचं एकच राहिलं होतं. अमेरिकेतल्या वाळवंटातल्या त्या लाल दऱ्या… झायन, ब्राइस, आर्चेस, ग्रँड कॅन्यन. लग्नाआधीपासून ऐकतेय मी. आधी सुट्टी नव्हती, मग व्हिसा नव्हता, मग प्रोजेक्टचं गो-लाइव्ह. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता मिळालेत ते डिसेंबरच्या शेवटी, कारण जपानी ऑफिसात कोणाची माफी न मागता रजा मिळते ती तेव्हाच.

गाडी कायम तोच चालवायचा. पुणे-गोवा, पुणे-हंपी… मी शेजारी बसून चिवडा पुरवणारी. ऑगस्टमध्ये त्याने स्वतःहून लायसन्स परत केलं. इथे म्हातारी माणसं तसं करतात, पोलीस स्टेशनात जाऊन. रांगेत सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे आणि त्यांच्यात हा सेहेचाळीसचा. काउंटरवरच्या बाई वाकून म्हणाल्या, इतकी वर्षं खूप कष्ट घेतलेत.

म्हणून ड्रायव्हर मी. ट्रिपचं एक्सेलही मीच केलं, अकरा दिवसांचं. दर ओळीत सूर्यास्ताची वेळ, कारण त्यानंतर त्याच्यासाठी काहीच नाही. तिकडे त्या दिवसांत सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. ब्राइसच्या वाटेवर बर्फ. ग्रँड कॅन्यनची उत्तरेकडची बाजू हिवाळ्यात बंदच. त्यात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची, जी मी जन्मात चालवलेली नाही.

लोक म्हणतात प्लॅनिंग म्हणजे अर्धी ट्रिप. माझ्यासाठी ती नुसती यादी होती, काय काय दिसणार नाही याची. दर रविवारी मी ओळी उडवत गेले. आर्चेस गेलं, झायन गेलं… शेवटी चार दिवस उरले. मला त्या प्लॅनचाच राग यायला लागला होता.

तर शनिवारी मोरी-साननी पहिल्यांदा शिकवलं ते बोट दाखवायला. इथले स्टेशनवरचे कर्मचारी करतात तसं. उजवीकडे बोट, मोठ्याने 'मिगी योशी', म्हणजे उजवीकडे ठीक. डावीकडे बोट, 'हिदारी योशी'. नुसतं बघितलं तर नजर फसवते, मोठ्याने बोलायचं म्हटलं की नीट बघावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला लाज वाटत होती. मी पुटपुटले की ते त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायचे.

तासाभरात दोनदा चाक कडेच्या दगडावर चढलं. तिसऱ्यांदा चढलं तेव्हा मी गाडी थांबवली आणि मराठीत म्हणाले, "मला नाही जमणार शिरीष. तिकिटं कॅन्सल करू."

मोरी-सानना भाषा कळली नसावी, पण ते खिडकीबाहेर बघायला लागले.

निघालो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. इथे थंडीत तेवढ्यात दिवस मावळतो, म्हणजे त्याच्यासाठी अंधारच. त्याने माझं कोपर धरलं. स्टेशनकडे जाताना फुटपाथवर सायकलींची ये-जा… आणि माझा हात आपोआप वर गेला, मी मोठ्याने सांगायलाही लागले. डावीकडे सायकल. समोर पायरी. उजवीकडे ठीक. माझं बोट त्याला दिसत नव्हतं, तरी मी दाखवत होते.

दोन चौक असेच गेले. मग तो म्हणाला, "नुसतं ठीक नको गं. आभाळ कसं आहे ते सांग."

मी म्हटलं, लाल.

"लाल कसला?"

वीस वर्षं याच्या शेजारच्या सीटवर बसून मी नेमकं काय बघितलं, कोण जाणे. मग म्हटलं, खाली गेरूसारखं… त्याच्यावर घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखं… आणि सगळ्यात वर कोकमाच्या सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं. तो मान हलवत ऐकत होता. मी भर फुटपाथवर बोट वर करून रडत होते.

यातून काही सुधारलेलं नाही. डोळे जायचे ते जातायत. मला रिव्हर्स पार्किंग अजून येत नाही, आणि बर्फाची भीती आहे तेवढीच आहे. पण मोरी-सानची मी आभारी आहे… त्यांनी काय शिकवलं, हे त्यांना बहुधा कधी कळणार नाही.

या रविवारी एकही ओळ उडवली नाही. सूर्यास्ताच्या पुढे एक रकाना मात्र वाढवलाय. चारही दिवस त्यात एकच काम लिहिलंय… 'शिरीषला सांगणे.'