पत्त्यावर आढळून आली नाही

पोलिसाच्या नोकरीत मी 'चौकशी केली' असं किती कागदांवर लिहिलं, त्याचा हिशेब नाही. त्यातल्या एका कागदाची मला अजून लाज वाटते. गोची अशी, की तो कागद खोटा म्हणता येणार नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य मला कोणी ना कोणी तोंडाने सांगितलेलं होतं.

बोरिवलीच्या पश्चिमेला खाडी आहे आणि खाडीपलीकडे कोळ्यांचं एक गाव. नकाशात ते मुंबईतच आहे. तिथल्या लोकांची मतं मुंबईची, पाण्याचं बिल मुंबईचं. पण दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस, अ‍ॅम्ब्युलन्स उभी राहते ती अलीकडच्या काठावर, आणि आगीचा बंब बोलावला तर तो लांबचा वळसा घालून येईस्तोवर लोकांनी बादल्यांनीच आग विझवलेली असते. मधे फेरीबोट. ओहोटी फार उतरली की तीही थांबते आणि दोन्हीकडचे लोक चिखलाकडे बघत बसतात.

या गावातल्या पोलीस चौकीत माझी बदली झाली तेव्हा घरच्यांनी 'मजा आहे बाई, रोज समुद्रकिनारा' म्हणून मला चिडवून घेतलं. माझं बालपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. वडील मालवणकडचे, गिरणीत होते. मासे खायचे एवढाच आमचा समुद्राशी संबंध. चौकी म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. नेमणूक तिघांची, पण एक रजेवर, एक बंदोबस्ताला, असं करत बहुतेक वेळा मी एकटीच. काम तसं किरकोळ. सहलीला येऊन दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्यांना बाहेर हाकलायचं, बोटींचे कागद बघायचे, समन्स पोचवायचं, पासपोर्टच्या चौकशा करायच्या.

समन्स आणि चौकशा, इथेच माझी वाट लागायची. त्या गावाची एक रीत होती. खाकी दिसली की गावात कोणी कोणाला ओळखत नसे. एकदा मी समन्स घेऊन किनाऱ्यावर गेले. एक माणूस जाळं दुरुस्त करत बसला होता, त्याला समन्सावरचं नाव सांगून विचारलं, हा कुठे राहतो? त्याने मान वर न करता सांगितलं, "तो गेलाय डहाणूला." मी दोन वेळा फेऱ्या मारल्या आणि मग कळलं, तो माणूस म्हणजे तोच. मी जाऊन जाब विचारला तर हसला आणि म्हणाला, "जेवलीस का मॅडम?"

बरं, माणसं वाईट म्हणावीत तर तसंही नाही. मला ताप आला तेव्हा चार घरांतून पेज आली. सणाला माझ्या टेबलावर डब्यांची रांग लागायची. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, फक्त कधी खरं सांगितलं नाही. दोन वर्षं हे झेलताना मला आतून राग साठत गेला. मी काही कोणाची वैरीण नव्हते. पण रोज कोणीतरी आपल्याला वेड्यात काढतंय, हे माझ्यासारख्या तापट बाईला पचत नाही.

आता त्या पोरीबद्दल. आठवड्यातून तीन-चारदा मी दुपारच्या बोटीने टपाल घेऊन पलीकडे मुख्य ठाण्यात जायचे. त्याच बोटीला एक विशीतली मुलगी असायची. अंधेरीला हॉटेलच्या स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती. गावातल्या इतर पोरी मला बघितलं की दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. ही मात्र बाकावर सरकून जागा द्यायची. क्लासमध्ये केलेला केक तिने दोनदा मला खायला घातला. पहिला करपला होता आणि मी तसं तोंडावर सांगितलं, तर खुशीत म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, घरचे नुसतं झकास झकास करतात." तिला जहाजावर जायचं होतं, मोठ्या प्रवासी जहाजाच्या किचनमध्ये. "आमच्यात बाप्ये दर्यावर जातात, बायका बाजारात. मी दर्यावर जाणार, मॅडम," असं ती म्हणायची. तिचं नाव मला ठाऊक होतं. आडनाव ठाऊक होतं. तिची आई बोरिवलीच्या बाजारात कुठे मासे घेऊन बसते, तेही ठाऊक होतं.

तिच्या पासपोर्टच्या चौकशीचा कागद माझ्याकडे आला तो एप्रिलच्या उन्हात. त्याच सकाळी आमच्या साहेबांनी प्रलंबित कागदांवरून मला सगळ्यांसमोर झापलं होतं. मी फोन लावला, दोनदा, उचलला नाही. प्रॅक्टिकलच्या वेळी मुलींचे फोन काढून घेतात हे नंतर कळलं. घरी गेले तर कुलूप. आई बाजारात, बाप बोटीवर. शेजारच्या अंगणात एक म्हातारी बोंबील वाळत घालत होती. मी नाव सांगितलं आणि विचारलं, ही इथे राहते का?

"अशी पोर आमचे गल्लीन नाय."

मी फोटो पुढे केला. म्हातारीने हात लुगड्याला पुसले, फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला आणि परत दिला. "नाय गो. माना ठाव नाय."

समोरच्या घरातल्या सुनेने फोटो न बघताच नाही म्हटलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने 'आपण नवीन आहोत' असं सांगितलं. तो तिथेच जन्मलेला होता.

मी त्या गल्लीत उभी राहिले आणि माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे, पाण्याच्या टाकीवर फाइल ठेवून मी लिहिलं: पत्त्यावर आढळून आली नाही, शेजारी ओळखत नाहीत. खाली सही केली. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते आता लपवत नाही. ओळखत नाही म्हणता ना, मग राहा ओळख न देता, असं होतं. मला त्यांना अद्दल घडवायची होती. करपलेल्या केकवर हसणारा तो चेहरा फोटोतून माझ्याकडे बघत होता, तरीही मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी कागद टपालात गेला. नंतरच्या दिवसांत मी पलीकडे जायची वेळ बदलून घेतली, कारण विचारल्यावर ऊन सोसत नाही म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांनी ती चौकीत आली. हातात मोबाइल होता, त्यावर पासपोर्ट कार्यालयाचा निरोप.

"मॅडम, मी इथे राहत नाही?"

मी आधीच आवाज चढवला. चूक आपली असली की माझा आवाज आधी चढतो, घरचेही हेच म्हणतात. "मला काय विचारतेस? तुझ्या शेजाऱ्यांना विचार. तिघांना विचारलं मी. तिघांनी कानावर हात ठेवले."

"कोणी?"

मी म्हातारीचं घर सांगितलं. पोरगी समोरच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "आई पहाटे बाजारात जायची ना, तेव्हा मी तिच्याकडेच असायचे. तिनेच वाढवलंय मला."

मग तिने सगळं सांगितलं. तिची निवड झाली होती. जहाज पुढच्या महिन्यात कोचीहून सुटणार होतं. महिनाअखेर पासपोर्ट दाखवला नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. हातात दिवस थोडे होते. पुन्हा चौकशी होऊ शकत होती, पण पहिला शेरा असा पडल्यावर साहेबांना या वेळी दोन शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या, की होय, ही इथेच राहते, आम्ही हिला ओळखतो.

दोन सह्या! आमच्या चाळीत हव्या असत्या तर लोकांनी सही करायला रांग लावली असती. इथे पोरीची आई दोन संध्याकाळी घरोघर फिरली. माणसं तिला बसवत होती, चहा देत होती, पोरीचं वाईट झालं म्हणून डोळ्यांना पदर लावत होती. सही म्हटली की गप्प. पोलिसाच्या कागदावर एकदा सही केली की जन्मभर कोर्टात हेलपाटे, ही तिथली पक्की समजूत. आणि ती अगदीच चुकीची होती असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू? आमच्याच लोकांनी त्यांना तसं शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी चौकीच्या दारात उभी राहिली. मागे तिचा मुलगा, आढेवेढे घेत. गावातली बाई आपणहून त्या उंबऱ्याच्या आत आलेली मी पहिल्यांदाच बघत होते. तिला खुर्ची दिली तर ती खाली भिंतीशी बसली.

"कंचा कागद, दे."

मी शाईचं पॅड पुढे केलं. तिने अंगठा वर धरला आणि तसाच ठेवला. म्हणाली, "आधी आयक. माझे लग्नाला दोन महिने झालते. अशीच खाकी आली. विचारला, नवरा घरान हाय का? मी बोलले, हाय, जेवतंय. खरा बोलले. त्यांनी त्याला ताटावरनं उठवून नेला. दारूची भट्टी दुसऱ्याची, नेला याला. आठ महिन्यांनी आला तो खोकत आला. सासूनं मरंपर्यंत माना बोल लावला. तवापासून मी कोनाला वलखत नाय."

मुलगा मान खाली घालून उभा होता. ही गोष्ट तोही बहुधा पहिल्यांदाच ऐकत असावा.

तिने अंगठा उठवला. दाबून, नीट. मग मुलाला डोळ्यांनीच खुणावलं, त्याने सही केली. अंगठा लुगड्याला पुसत ती उठली आणि जाता जाता माझ्याकडे वळली.

"मी म्हातारी खोटा बोलली, भ्याली म्हनून बोलली. तू तर बोटीन तिचे बाजूला बसतस. तुना ठाव व्हता ना? तू कोनाला भ्यालीस?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. मी त्या बाईला इतके दिवस खोटारडी समजत आले होते. तिच्या खोट्याला एक कारण होतं, चाळीस-पन्नास वर्षं जपलेलं. माझ्याकडे नुसता राग होता.

कागद घेऊन मी त्याच दिवशी पलीकडे गेले. पहिल्या अहवालात आणि दुसऱ्यात फरक का, याचं कारण लिहून द्यायचं होतं. साहेब माणूस सरळ होते. म्हणाले, "शेजाऱ्यांनी दिशाभूल केली, एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. खरंच आहे ना ते?" खरंच होतं. पण तसं लिहिलं असतं तर त्याच दुपारी जिने आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाच्या कागदावर अंगठा उठवला, तिचा तोच अंगठा तिच्यावर शेकला असता. आणि गावाने पुढची पन्नास वर्षं कोणाला ओळखलं नसतं. मी लिहिलं की अर्जदार त्याच पत्त्यावर राहते हे मला स्वतःला माहीत होतं आणि तरीही मी चुकीचा शेरा दिला. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, असं कोणी लिहितं का?" मला नंतर रीतसर खुलासा मागितला गेला, वर्षाची वेतनवाढ थांबली, घरी बोलणी बसली. ते सगळं माझ्याच कर्माचं होतं, त्यात मोठेपणा काही नाही.

पासपोर्ट आला. जहाज सुटून चार दिवस झाल्यावर आला.

ही बातमी मला तिने नाही, पोस्टमनने सांगितली. सही करून घेताना पोरगी नुसती पाकीट धरून उभी राहिली, म्हणाला. कोणी चोरी केली, मारामारी केली तर पोलिसाला काय करायचं ते ठाऊक असतं. एका मुलीचं वर्ष मी चोरलं होतं आणि त्यावर कुठलंच कलम लागत नव्हतं.

मी तिच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही. धीर झाला नाही, एवढंच.

पावसाळा संपता संपता ती पुन्हा चौकीत आली. केस आखूड केले होते, अंगात कुठल्या तरी हॉटेलचा गणवेश होता. एका दुसऱ्या कंपनीकडून तिला बोलावणं आलं होतं आणि त्यांना पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. तिने अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, कडा जुळवून, सरळ. मी तो उघडून बघायच्या आधीच जे इतके महिने तोंडात अडकून होतं ते बोलले, की माझ्यामुळे तुझं जहाज गेलं, मला ठाऊक असून मी तसं लिहिलं.

"माहितीये. शेजारची आजी बोलली मला."

"मग रागावली नाहीस?"

"रागावलेय ना," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पण सही तुमचीच लागते."

ती समोर उभीच राहिली. मी पेन उचललं आणि तिच्याकडे न बघता तिचं नाव, आडनाव, गल्ली, घर, सगळं लिहून काढलं. कोणालाही विचारावं लागलं नाही.