सिंधुबाईचा ताप

आमच्या वालचंदनगरच्या चर्चमध्ये मोना उजगरेला सगळे 'साक्षवाली मोना' म्हणून ओळखतात. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगणं. काही जण ती इतकी लांबवतात की स्वर्गातल्या दूतांनाही जांभया येत असतील. मी ढोलकी वाजवतो, त्यामुळं पहिल्याच रांगेत बसावं लागतं आणि मधेच उठून जायची सोय नसते. माझं नाव रतन. कंपनीत फिटर होतो, आता निवृत्त आहे, आणि तरुण संघातली पोरं मला मामा म्हणतात.

नाताळ आटोपला की हा तरुण संघ चार दिवसांच्या सेवेला निघतो. पोरं सगळ्यांना सांगतात 'मिशन ट्रिप', जसं काही आफ्रिकेला चाललेत. जातात बारामतीला. तिथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचं आणि दिवसा जळोचीच्या पलीकडं, माळावर ऊसतोडीची माणसं पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, बांधून राहतात तिथं जायचं. ती माणसं बीडकडून येतात, हंगामभर ऊस तोडतात आणि परत जातात. त्यांच्या पोरांना गाणी शिकवायची, नखं काढायची, औषधं आणि चादरी वाटायच्या. धर्माचं काही बोलायचं नाही, ही त्यांना कामावर आणणाऱ्या मुकादमाची अट. कुणी स्वतः होऊन म्हणालं तरच प्रार्थना करायची. बरोबर एक मोठं माणूस हवं म्हणून मी जातो. परत आल्यावरचा रविवार साक्षीचा. जो जो गेला असेल त्यानं उभं राहून बोललंच पाहिजे, अशी आमच्याकडं जुनी रीत आहे.

मोना पहिल्यांदा आली तेव्हा दहावीत होती. अंगानं काडी, पण बोलायला लागली की थांबायची नाही. निघताना तिची आई, अनिता, हिनं गुळाच्या दशम्यांचा एवढा मोठा डबा दिला होता की मी म्हणालो, "अनिता, आम्ही चार दिवसांसाठी चाललोय, वनवासाला नाही." अनिता हसली आणि वर शेंगदाण्याची चटणी ठेवून दिली.

माळावर तिसऱ्या दिवशी एका कोपीत सिंधुबाई नावाची बाई तापानं फणफणलेली सापडली. नवरा उसाच्या फडात, पोरं बाहेर खेळत होती. मोनानं तिला गोळी दिली, डब्यातली दशमी पाण्यात भिजवून भरवली आणि विचारलं, प्रार्थना करू का? बाई म्हणाली, कर की. मोनानं तिचा हात धरला तो दुपारपर्यंत सोडला नाही. जेवायला बोलावलं तरी आली नाही. दुपारी आम्ही सगळे कोपीपाशी उभे असताना सिंधुबाई उठून बसली. डोक्याला फडकं बांधलं, कोयता उचलला आणि फडाकडं चालू लागली.

पोरांनी माळावर एकच गजर केला. मीही ढोलकी वाजवली. डोळ्यांसमोर घडलं होतं, शंका कशाची घ्यायची?

त्या रविवारी मोनानं साक्ष दिली आणि चर्चमध्ये डोळे पुसले नाहीत असं माणूस उरलं नाही. मग बारामतीच्या चर्चनं बोलावलं, मग इंदापूरच्या. मोना दर वेळी तेवढंच सांगायची. वाढवलं ते बाकीच्यांनी. ऐकणाऱ्यांच्या तोंडी सिंधुबाईचा ताप आधी टायफॉइड झाला, मग मेंदूपर्यंत गेला, आणि दौंडला एका गृहस्थांनी तर मला सांगितलं की बाईचा श्वास थांबला होता. मी म्हणालो, मी तिथंच होतो, ती दशमी खात होती. त्यांना ते आवडलं नाही.

मोनाचे वडील झुंबर उजगरे कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. मितभाषी माणूस. पण पोरीच्या साक्षीनंतर ते पहिल्या बाकावर बसायला लागले. भेटेल त्याला सांगायचे, माझ्या पोरीच्या हाताला गुण हाय. गेटवर कुणाला ठेच लागली तरी म्हणायचे, मोनाला बोलावू का.

मग अनिता आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. पुण्याला नेलं, परत आणलं. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खाट टाकली होती. मोना कॉलेज सोडून तिथं बसायची, आईचा हात हातात घेऊन. आम्ही गाणी म्हणायला जायचो तेव्हाही तिनं तो हात सोडलेला मी पाहिला नाही. सगळ्यांना वाटत होतं, ही पोर बसलीय म्हणजे होईल काहीतरी. मलाही वाटत होतं. अनिता एका सकाळी तशीच, हात धरलेला असताना गेली.

दफनभूमीत सगळ्यांनी मूठमूठ माती दिली. मोनानं दिली, हात झटकले आणि मला विचारलं, "मामा, बाहेरगावच्या लोकांना चहा झाला का?" घरी परतलो तेव्हा झुंबरराव ओट्यावर बसले होते. पोर समोरून पाण्याची कळशी घेऊन चालली होती. तिच्याकडं न बघताच ते म्हणाले, "त्या बाईला उठवलंस न्हवं तू?"

बस्स, एवढंच बोलले. मोना कळशी घेऊन आत गेली. त्या दिवसापासून ती पोर आतून बंद झाली.

बंद म्हणजे रडत बसली असं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. ती वेळेवर उठायची, वडिलांचा डबा करायची, कॉलेज पुरं केलं, इंदापूरच्या एका पतपेढीत नोकरीला लागली. चर्चला यायची, गाणी म्हणायची, कुणी विचारलं तर हसून सांगायची, आई प्रभूच्या घरी सुखात आहे. साक्ष द्यायला सांगितली तर द्यायची, शब्दाला शब्द. बस कंडक्टर थांब्यांची नावं घेतो तशी. लोक तरीही डोळे पुसायचे. मला राग यायचा. पोरीचा नाही, डोळे पुसणाऱ्यांचा. झुंबरराव मात्र पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर, दाराशी जाऊन बसायला लागले. साक्ष सुरू झाली की बाहेर जायचे. बापलेक एका घरात राहत होते आणि भाजीत मीठ कमी आहे यापलीकडं बोलत नव्हते.

ट्रिपला मात्र ती दर वर्षी यायची. पोरांची नखं काढायची, हातवारे करून गाणी शिकवायची, आणि दर वर्षी माळावर पोचल्यावर पहिल्या कोपीपाशी विचारायची, सिंधुबाई आलीय का? माणसं दर हंगामाला बदलतात. मुकादम नेईल तिकडं जातात, कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. दर वर्षी उत्तर तेच मिळायचं, न्हाय. ती बरं म्हणायची आणि कामाला लागायची.

यंदा चर्चला नवे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, आले, तरुण आणि उत्साही. त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं, साक्षीच्या रविवारी मोना बोलणार, बारामती-इंदापूरची मंडळीही येणार. मोना ठीक आहे म्हणाली. बारामतीला जाताना गाडीत ती माझ्या शेजारी होती. मी जरा चिडूनच म्हणालो, नको वाटत असेल तर नाही म्हण की, तुला तोंड दिलंय ना देवानं. तिनं खिडकीची काच वर सरकवली. मग हळू आवाजात म्हणाली, "मामा, मला फक्त ती बाई एकदा भेटायला हवी. तिच्यासाठी मी असं काय केलं, जे आईसाठी करायचं राहिलं, तेवढं विचारायचंय."

इतकी वर्षं पोर हे पोटात घेऊन फिरत होती, आणि आम्ही तिला स्टेजवर उभी करत होतो.

माळावर पोचल्यावर मोनानं नेहमीप्रमाणं पहिल्या कोपीपाशी विचारलं. बाई म्हणाली, कडंच्या कोपीत हाय एक सिंधुबाई, बघा तुमची हाय का.

तीच होती. केस पिकले होते, दोन दात गेले होते. कोपीपुढं बसून उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत होती. मोनाला तिनं ओळखलं नाही. चर्चची, कॉलेजची पोरं दर साली येतात, म्हणाली, कुणाकुणाला ध्यानात ठिवू. मग मोनानं आईच्या दशम्यांचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"व्हय व्हय. हात धरून बसल्याली ती तू व्हय?"

मोना तिच्यापुढं मातीतच बसली. आवाज नेहमीसारखाच सपाट होता. म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तुमचा ताप कसा उतरला? मी नेमकं काय केलं व्हतं?"

सिंधुबाईनं माझ्याकडं पाहिलं, ही थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग म्हणाली, "ताप कुठला उतरतोय, बाय. तुमी यायच्या आदी मुकादम दोनदा हाक मारून गेला व्हता. तिसऱ्यांदा आला असता तर खाडा मांडला असता. नवरा-बायकू मिळून एक कोयता असतो आमचा. म्या पडले की त्याचा बी दिस बुडाला, वर दंड. म्हणून उठले. फडात जाऊन बांधावर पडले, परत उठले. पुढं आठवडाभर तसंच चाललं."

मी ढोलकी खाली ठेवली. आमच्या चर्चमध्ये इतकी वर्षं ज्या बाईच्या उठण्यावर टाळ्या पडल्या, ती दंडाच्या भीतीनं उठली होती. आम्ही गजर करत होतो तेव्हा ती तापातच फडाकडं चालली होती. कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, आजारपणाची रजा मिळणाऱ्या माणसांना हे कुठून सुचणार?

मोनानं विचारलं, "मग मी प्रार्थना केली, त्याचं?"

"ते मला काय ठावं? देव तुझा, तू इचार त्याला. तू हात धरलास, तवा बरं वाटलं. पर ताप ताप व्हता." ती पुन्हा वाढं बांधायला लागली. मग आठवून म्हणाली, "आय कशी हाय तुझी? ग्वाड दशम्या केल्या व्हत्या."

"आई गेली," मोना म्हणाली. प्रभूच्या घरी वगैरे काही म्हणाली नाही.

सिंधुबाईनं हातातलं वाढं बाजूला ठेवलं. "तिचा बी हात धरून बसली असशील."

"व्हय. शेवटपर्यंत."

"मग झालं की, बाय. आनि काय करत्यात माणसं."

मोना उठली. पोरांची नखं काढायची राहिली होती, ती काढायला गेली. परतीच्या प्रवासात ती डोळे मिटून बसली. मला धास्ती वाटत होती. होता नव्हता तो आधारही त्या बाईनं काढून घेतला, असंच मी धरून चाललो होतो.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. आमच्याकडं पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात. पाहुणे आले म्हणून बाकांमध्ये खुर्च्या घातल्या होत्या, आणि झुंबरराव नेहमीप्रमाणं दाराशी होते. पाळकसाहेबांनी मोनाचं नाव घेतलं तसे ते बाहेर जायला उठले. पण वाटेत खुर्च्या होत्या, त्या सरकवेपर्यंत तिनं सुरुवात केली.

"मी आजवर सांगत आले की सिंधुबाई बरी झाली. ती बरी झाली नव्हती. कामावर गेली नाही तर दंड बसेल म्हणून ती तापात उठली. तिनं स्वतः मला हे सांगितलं. मी फक्त तिचा हात धरला होता. माझ्या हाताला गुण नाही. तेव्हाही नव्हता." ती थांबली. "आईचा हातही मी तसाच धरला होता. माझ्याकडून काही राहिलं नव्हतं."

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली. पाळकसाहेबांना कुठलं गीत सांगावं ते सुचेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी ढोलकीकडं पाहिलं. कुणी डोळे पुसले नाहीत. मागं कुणीतरी कुजबुजलं, मग एवढ्या लांबून आलो कशाला.

झुंबरराव बाहेर गेले नव्हते. ते मधल्या वाटेनं पुढं आले. मला वाटलं पहिल्या बाकावर येतायत. पण ते वळले आणि बायकांच्या बाजूला गेले. त्या बाजूला मी आजवर पुरुष गेलेला पाहिला नव्हता. बायका पदर सावरत सरकल्या. ते मोनाच्या शेजारी बसले आणि खाली बघत, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाले, "मोने, त्या दिशी मी तसं बोलायला नको व्हतं."

कुणीही दुसरी पोर असती तर म्हणाली असती, जाऊ द्या पप्पा, असू द्या. मोनानं त्यांच्याकडं पाहिलं.

"व्हय पप्पा," ती म्हणाली. "नको व्हतं."

आणि मग ती रडली. आई गेल्यानंतर पहिल्यांदा, तोंडावर हात न घेता, मोठ्यानं. झुंबररावांनी तिचा हात हातात घेतला आणि उपासना संपून लोक बाहेर चहाला गेले तरी ते दोघं तिथंच बसून होते.